एका घरात दोन आज्या: त्रिनिदाद-टोबॅगोचे दहा दिवस

क्रूझ नको, हे फेब्रुवारीतच ठरलं. लेक न्यू जर्सीहून फोनवर विचारत होती, "मे-अखेरीला कॅरिबियनला जाऊ या, कुठलं बेट घेऊ?" जावयाच्या मनात सात दिवसांची मोठी बोट होती, खाणं, नाच, पोहणं सगळं आतच. लेकीला जमैका हवं होतं. नवरा पुण्यात सोफ्यावर पेपर वाचत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "पोर्ट ऑफ स्पेन." म्हणजे त्रिनिदाद-टोबॅगोची राजधानी. १९७१ साली भारताने तिथे वेस्ट इंडीजला हरवलं तेव्हा तो बारा वर्षांचा होता, एवढं स्पष्टीकरण पुरे.

तयारीचं थोडक्यात सांगते. पीतज्वराचा (यलो फीव्हर) धोका असलेल्या देशांच्या भारत सरकारच्या यादीत त्रिनिदाद आहे. तिथून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि लस घेतल्याचं पिवळं कार्ड जवळ नसेल, तर विमानतळावरून थेट विलगीकरणात. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते, प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि एकदा घेतली की जन्मभर पुरते. नवरा साठीच्या पुढचा, म्हणून डॉक्टरांनी त्याची औषधं, जुनी दुखणी सगळं विचारून मगच होकार दिला. या वयात ही लस डोळे मिटून घ्यायची नसते. व्हिसा आम्हाला लागला नाही. मात्र अमेरिकेतून जाणार असाल तर अमेरिकेचा हवा, तो आमच्याकडे होताच.

दुसरी गंमत बॅग भरताना कळली. नातीची आवडती पँट हिरव्या-तपकिरी लष्करी छापाची होती. त्रिनिदाद-टोबॅगोमध्ये तसले कपडे सामान्य माणसाने घालणं कायद्याने गुन्हा आहे. सात वर्षांच्या मुलीला हे पटवायला लेकीला अर्धा तास लागला.

आणि सुरक्षिततेचं काय? हा प्रश्न आम्हाला सगळ्यांनीच विचारला, आणि तो चुकीचा नव्हता. टोळीयुद्धामुळे तिथे डिसेंबर २०२४ च्या अखेरीला आणीबाणी लागू झाली होती. ती एप्रिलमध्ये उठली, आम्ही मे महिन्यात जाऊन आलो आणि जुलैत ती पुन्हा लागली. तेव्हा कुणी 'जाऊ का' असं विचारलं तर मी सांगते, तिकीट काढण्याआधी आणि निघायच्या आठवड्यात, दोन्ही वेळा ताजी परिस्थिती बघा आणि विम्याशिवाय जाऊ नका. वादळांचा हंगाम जून ते नोव्हेंबर. त्रिनिदाद त्यांच्या नेहमीच्या वाटेच्या बरंच दक्षिणेला आहे, पण पूर्ण बाहेर नाही. जानेवारी ते मे कोरडा काळ. आम्ही त्याच्या शेपटीला गेलो, आणि ती शेपटी भिजली.

पहिला दिवस

न्यूयॉर्कहून पाच तास, आणि घड्याळ बदलायचं नाही. पियार्को विमानतळाबाहेर पडलो तेव्हा अंधार झाला होता. हवा अगदी मे महिन्यातल्या रत्नागिरीची. लेकीने राजधानीत हॉटेल न घेता क्युरेपजवळ एका घरातले वरचे दोन मजले घेतले होते. घराच्या मालकीण पंचाहत्तरीच्या, बारीक, पांढरे केस घट्ट बांधलेले. दारातच म्हणाल्या, "गुड नाइट!"

मला वाटलं, झोपायला सांगताहेत. तर तिथे संध्याकाळनंतर कुणी भेटलं की नमस्काराऐवजी 'गुड नाइट' म्हणायचं. आणि म्हणायचंच. दुकानात, टॅक्सीत, फाटकावर, आधी सकाळ-दुपार-रात्रीचा नमस्कार आणि मग काम. नवऱ्याने दुसऱ्या दिवशी एका दुकानात थेट पाण्याचा भाव विचारला, तर काउंटरवरची बाई त्याच्याकडे बघत गप्प बसली. "गुड मॉर्निंग" म्हटल्यावर पाणी मिळालं.

त्या रात्री नात पेंगत मला हाक मारत होती, "आजी, पाणी." मालकीणबाईंनी वळून पाहिलं. त्यांची नातवंडंही त्यांना 'आजी'च म्हणतात! पणजोबा बिहारकडून आलेले. तिथली भोजपुरी बोली घरातून गेली, पण 'आजी' आणि 'आजा' राहिले. मात्र त्यांच्याकडे आजी म्हणजे वडिलांची आई. मी कोण, हे विचारून झाल्यावर त्यांनी निकाल दिला, "मग तू नानी. आजी मी." पुढचे दहा दिवस नातीने आम्हा दोघींनाही आजीच म्हटलं आणि दोघी एकदम 'ओ' देत राहिलो.

दुसरा दिवस

सकाळी सात वाजता त्या आजींनी आम्हाला कोपऱ्यावर पाठवलं. "डबल्स खाऊन या. दहा वाजता जाल तर कागद चाटत बसाल."

डबल्स म्हणजे हळद घातलेल्या दोन मऊ तळलेल्या पुऱ्या. त्यांना म्हणतात 'बारा'. त्यावर पातळसर छोल्यांचा चमचा, चिंचेची चटणी, काकडी, आणि 'शॅडो बेनी' नावाच्या कोथिंबिरीच्या दांडग्या चुलतभावाची हिरवी चटणी. सगळं कागदात गुंडाळून हातात. उभ्याने, पुढे वाकून खायचं, नाहीतर शर्ट गेला. विकणारी बाई प्रत्येकाला एकच विचारते, 'पेपर' किती? म्हणजे मिरचीची चटणी. नवरा म्हणाला, "मीडियम." तिने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि 'स्लाइट' घातली. तेवढ्यानेही त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. जगातल्या सर्वांत तिखट मिरच्यांतली एक याच बेटावरच्या मोरुगा गावची आहे, हे त्याला नंतर कळलं.

दिवसभरासाठी गाडी आणि चालक आजींच्याच ओळखीचा. तिथे टॅक्सींची नंबरपाटी 'एच' अक्षराने सुरू होते, खाजगी गाड्यांची 'पी'ने. रस्त्यावर थांबून "कुठे सोडू?" विचारणारी 'पी'वाली गाडी कितीही स्वस्त असली तरी बसायचं नाही, हे आजींनी आम्हाला बोट नाचवून सांगितलं होतं.

वॉटरलू गावाला समुद्रात एक देऊळ आहे. शिवदास साधू नावाच्या ऊसमळ्यातल्या मजुराने ते बांधलं. आधी किनाऱ्यावर बांधलं होतं, पण जमीन साखर कंपनीची. देऊळ पाडलं गेलं आणि त्याला तुरुंगात टाकलं. बाहेर आल्यावर तो म्हणे जमीन कंपनीची, तर समुद्र कुणाचा? मग ओहोटीला सायकलवरून दगड, सिमेंट, वाळू नेऊन वर्षानुवर्षं एकट्याने भर घालत राहिला. आताची पांढरी वास्तू १९९५ च्या सुमाराची, सरकारी मदतीने उभी राहिलेली. आम्ही गेलो तेव्हा ओहोटी होती, चिखलात बगळे फिरत होते आणि शेजारच्या स्मशानघाटावर एका कुटुंबाचे विधी चालले होते. धोतर नेसलेला मुलगा, इंग्रजीत रडणारी बहीण, आणि मंत्र थेट आपल्याकडचे. मी फोटो काढले नाहीत.

जवळच कारापिचायमाला ८५ फुटी हनुमान आहे. पण मला हलवलं ते त्याच्या शेजारच्या देवळाने, कारण आत दत्तात्रेय. दाक्षिणात्य धाटणीचं, रंगीत गोपुराचं देऊळ. मैसूरच्या आश्रमाशी नातं असलेलं. पृथ्वीच्या पार पलीकडच्या टोकाला तीन मुखं आणि गाय-कुत्री पाहून तोंडून आपोआप 'दिगंबरा दिगंबरा' निघालं. पुजाऱ्याने हसून प्रसाद दिला.

दुपारी चारला कारोनीच्या खारफुटीत होडी. वाटाड्याने आधी फांदीवर वेटोळं घालून बसलेला साप दाखवला, मग होडी एका मोकळ्या पाण्यात बांधून ठेवली आणि सगळ्यांना गप्प बसवलं. समोर हिरव्या झाडांचं एक बेट. सूर्य कलायला लागला तसे लाल ठिपके येऊ लागले, पाच, दहा, मग थवेच्या थवे. हे स्कार्लेट आयबिस, देशाच्या दोन राष्ट्रीय पक्ष्यांतला एक. हा लाल गुलाबासारखा नाही आणि कुंकवासारखाही नाही. पांगारा फुलल्यावर जसा दिसतो, तसं अर्ध्या तासात ते सगळं झाड झालं. नात हातात एक डॉलरची नोट धरून बसली होती, कारण तिच्यावर हाच पक्षी आहे, आणि मोजत होती. दोनशेनंतर तिने नाद सोडला. डासांचं मलम मात्र होडीत बसण्याआधी चोपडून घ्या. आम्ही 'लागेल तेव्हा लावू' म्हटलं आणि लागलं तेव्हा दोन्ही हातांत कॅमेरे होते.

तिसरा दिवस

क्वीन्स पार्क ओव्हल, पोर्ट ऑफ स्पेनचं क्रिकेटचं मैदान. नवऱ्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता. मैदान बंद होतं. फाटकावरच्या म्हाताऱ्या रखवालदाराला त्याने आधी गुड मॉर्निंग म्हटलं (शिकला होता!) आणि मग सांगितलं की आपण गावस्करच्या गावाकडून आलोय. पुणे म्हणजे मुंबई नव्हे, पण मी गप्प राहिले. रखवालदाराने फाटक उघडलं.

मागे डोंगररांग, समोर रिकामं हिरवं मैदान. नवरा सीमारेषेजवळ उभा राहून बोलत सुटला. मार्च १९७१, गावस्करची पहिलीच कसोटी, ६५ आणि नाबाद ६७. त्याच सामन्यात सरदेसाईंच्या ११२. वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजला इतिहासात पहिल्यांदा हरवलं ते इथे. एप्रिलमध्ये मालिकेची शेवटची कसोटी पुन्हा इथेच, आणि दाढ ठणकत असताना गावस्करच्या १२४ आणि २२०. मुंबईचे वाडेकर आणि गावस्कर, मडगावचे सरदेसाई. पाच वर्षांनी याच मैदानावर चौथ्या डावात चारशेच्या वर धावांचा पाठलाग. रखवालदार मान डोलवत ऐकत होता. मग म्हणाला, गावस्करवर आमच्याकडे कॅलिप्सो गाणं रचलं गेलंय, तुमच्याकडे काय आहे? नवऱ्याला उत्तर सुचलं नाही.

दुपारी माराकास. डोंगरातून समुद्राकडे उतरणारा हा रस्ता दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकन नौदलाने बांधलेला. माराकासला लोक जातात 'बेक अँड शार्क' खायला. तळलेल्या फुगीर पावात तळलेला शार्क आणि वर पंधरा प्रकारच्या चटण्या. आमच्या मोरी माशाच्या आमटीपुढे काही नाही, असं मी म्हणणार होते. पण चटण्यांनी मला गप्प केलं.

इथेच आमची चूक झाली. किनाऱ्यावर झेंडे लावलेले असतात आणि त्यांच्यामधल्या पट्ट्यातच पोहायचं असतं. जावई पट्टीचा पोहणारा, त्याला गर्दी नको होती, तो बाजूला गेला. पाच मिनिटांत शिटी वाजली. तो किनाऱ्याकडे हात मारत होता आणि जागचा हलत नव्हता. जीवरक्षकाने ओरडून त्याला आडवं, किनाऱ्याला समांतर पोहायला लावलं, तेव्हा तो त्या ओढीतून बाहेर पडला. वर आल्यावर त्या तरण्या मुलाने त्याला सगळ्यांसमोर झापलं. लेकीने उरलेलं नंतर झापलं.

चौथा आणि पाचवा दिवस

ईशान्येच्या टोकाला ग्रांद रिव्हिएर. तीन तासांचा वळणावळणाचा रस्ता, डावीकडून वाहतूक, तरी आम्ही गाडी स्वतः चालवली नाही आणि ते बरंच झालं. हे एक छोटंसं गाव, आणि त्याच्या किलोमीटरभर वाळूत मार्च ते ऑगस्ट लेदरबॅक कासवं अंडी घालायला येतात. रात्री किनाऱ्यावर जायला परवाना लागतो आणि गावातलाच वाटाड्या बरोबर लागतो.

आमची वाटाडी तिशीतली मुलगी होती. तिच्याकडे फक्त लाल दिवा. नातीने खिशातून फोन काढला, पडदा उजळला, आणि त्या मुलीने तो हातातून काढून घेऊन स्वतःच्या खिशात टाकला. "तुझा फोन पाहून ती परत समुद्रात गेली तर?"

आम्ही कोकणात वेळासला ऑलिव्ह रिडलेची पिल्लं सोडताना पाहिली आहेत. ते कासव चाळीसेक किलोचं. म्हणून मला वाटलं होतं, काय दिसणार ते माहीत आहे. अंधारात समोरची वाळू हलली आणि मला आधी ती उलटी ठेवलेली होडीच वाटली. तीन-चारशे किलोंचं जनावर. पाठीला कवच नाही, चामडं आहे, त्यावर लांब उभ्या धारा. मागच्या वल्ह्यांनी ती खड्डा खणत होती. दिसत काही नव्हतं तिला मागचं, तरी एक वल्हं आत जाई, ओंजळभर वाळू उचलून बाजूला ठेवी, मग दुसरं. पोळपाटावर पीठ सारवावं तसं नाजूक काम. डोळ्यांतून पाणी गळत होतं. मीठ बाहेर टाकायची ती युक्ती असते हे ठाऊक असूनही लेकीने माझा हात धरला.

सकाळी दृश्य वेगळं होतं. किनारा लहान आणि कासवं फार, त्यामुळे एकीचं घरटं दुसरी खणून काढते. फुटक्या अंड्यांवर काळी गिधाडं जमली होती. उशिरा निघालेली काही पिल्लं वाळूत धडपडत होती. गावातली दोन मुलं ती बादलीत गोळा करत होती, संध्याकाळी सोडायला. त्यांनी नातीलाही बादली दिली. त्या सकाळचा नाश्ता आम्ही अकरा वाजता केला.

सहावा ते आठवा दिवस

टोबॅगोला बोटीने जायचं होतं. बोट रद्द झाली, बंदरावर चार तास गेले, शेवटी विमान. ते पंचवीस मिनिटांत पोचतं. पुन्हा गेले तर विमानाचंच तिकीट आधी काढीन.

टोबॅगो त्रिनिदादचं धाकटं भावंड, पण स्वभाव निराळा. इथे वस्ती मुख्यतः आफ्रिकी वंशाची, गाड्या हळू, बोलणं त्याहून हळू. 'जस्ट नाऊ' म्हणजे आत्ता नव्हे, केव्हातरी. स्टोअर बेला खाण्याच्या टपऱ्यांची रांग आहे आणि बहुतेकींची नावं 'मिस' अमुकतमुक. खेकड्याची करी आणि डंपलिंग. करी उत्तम, नारळ घातलेली. डंपलिंग म्हणजे उकडलेला चिवट कणकेचा गोळा. आमच्या मालवणी नजरेला त्या रश्शाचा अपमान वाटला, म्हणून मी भात मागितला.

बकू रीफला काचेच्या तळाची होडी. प्रवाळावर पाय ठेवायचा नाही, हे होडीवाला दहा वेळा सांगतो आणि ते योग्यच आहे. पुढे समुद्राच्या मध्यावर कमरेइतक्या पाण्याचा उथळ वाळूचा पट्टा, त्याला म्हणतात नायलॉन पूल. होडीवाला म्हणाला, यात डुंबलं की माणूस दहा वर्षांनी तरुण होतो. नात लगेच बाहेर आली; तिला उणे तीन व्हायचं नव्हतं.

सातव्या दिवशी पाऊस. उत्तर किनाऱ्याच्या एका छोट्या उपसागरात होतो, किनाऱ्यावर आमच्याशिवाय नारळ विकणारी एक बाई. सर आली तशी आम्ही पळत जाऊन एका दाट झाडाखाली उभे राहिलो. खाली हिरवी, छोट्या सफरचंदासारखी फळं पडली होती, नात एक उचलायला वाकली. तेवढ्यात ती बाई पावसात धावत, हातवारे करत आली आणि तिने नातीला दंडाला धरून अक्षरशः ओढून बाहेर काढलं. आम्हालाही. मग झाडाच्या बुंध्यावरचा पुसट लाल पट्टा दाखवला. मँचिनील! फळ विषारी आणि चीक असा की पानांवरून गळणारं पावसाचं पाणीही अंगाला भाजतं. तिने तिच्याकडच्या गोड्या पाण्याने आमचे हात-मान धुतली. माझ्या दंडावर दोन लाल चट्टे संध्याकाळपर्यंत चुरचुरत होते, बाकी निभावलं. हे झाड कॅरिबियनमध्ये अनेक किनाऱ्यांवर असतं. समुद्रावर अनोळखी झाडाखाली सावलीला किंवा पावसाला उभं राहू नका, आणि मुलांना आधीच बजावून ठेवा. त्या बाईने पैसे घेतले नाहीत, म्हणून आम्ही सहा नारळ घेतले.

आठव्या दिवशी मेन रिजचं जंगल. १७७६ साली हे राखीव केलं गेलं, आणि कारण काय, तर झाडं राहिली तर पाऊस राहील. आपल्या देवराया आठवल्या. तिथे देव राखण करतो, इथे कायदा. १९६३ च्या फ्लोरा वादळाने यातलं बरंच जंगल आडवं केलं होतं. आता पुन्हा इतकं दाट आहे की वाटाड्या सांगेपर्यंत आम्हाला ते खरं वाटलं नाही.

नववा दिवस

३० मे. १८४५ साली याच दिवशी 'फतेल रझाक' नावाचं जहाज कलकत्त्याहून सव्वादोनशे मजूर घेऊन इथे लागलं. १९१७ पर्यंत जवळपास १,४७,००० माणसं अशी आली, बहुतेक बिहार आणि उत्तर प्रदेशातली. आम्ही गेलो त्या वर्षी, २०२५ साली, त्याला १८० वर्षं झाली. हा इथे सुट्टीचा दिवस.

आजी आम्हाला त्यांच्या गावच्या शाळेच्या मैदानावर घेऊन गेल्या. तासा नावाचे ढोल छातीत धडधडत होते. थेट आपला ताशा, फक्त भाऊबंद निराळे. लहान मुलींचे नाच, भाषणं, लांबलचक आभार. जेवण सोहारीच्या रुंद पानावर. आपल्या केळीच्या पानाचीच जागा, पण पान निराळं. भात, डाळ, भोपळा, फणसासारखी भाजी, आंब्याची 'तलकारी' आणि फाडून चुरगळलेला पराठा. त्याला म्हणतात 'बस अप शट', फाटक्या शर्टासारखा दिसतो म्हणून. मला नवरा म्हणाला, "चुरमुरीत आहे, पण पोळी नव्हे." आजींनी ते न समजता त्याच्या पानात आणखी वाढलं.

रात्री त्यांच्या स्वयंपाकघरात बसलो. त्या वस्तू दाखवत होत्या आणि मी नावं सांगत होते. तवा? तवा. लोटा? लोटा. बेलन्याला आमच्याकडे लाटणं. चुलीत हवा घालायच्या नळीला त्या 'पुकनी' म्हणाल्या, मी 'फुंकणी' म्हटलं, आणि दोघी हसत सुटलो. त्यांना हिंदी येत नाही, माझं इंग्रजी असं-तसं. तासभर आम्ही भांड्यांवरच गप्पा मारल्या.

दहावा दिवस

विमानतळावर निघताना आजींनी कुचेल्याची बाटली दिली. किसलेल्या कैरीचं मोहरीच्या तेलातलं लोणचं. "हातातल्या बॅगेत ठेवू नकोस, काढून घेतात," हे दोनदा बजावून. चार दिवसांनी मुंबईला उतरलो, तेव्हा अधिकाऱ्याने कुठून आलात विचारून पिवळी कार्डं मागितली, पाहिली आणि सोडलं.

कुचेल्याची बाटली पुण्यापर्यंत पोचली नाही. न्यू जर्सीतच जावयाने दोन रात्रींत दहीभाताबरोबर संपवली. परवा आजींचा फोन आला, नातीला विचारत होत्या, कुठली आजी बरी? नात म्हणाली, "लोणचंवाली."